भाड्याच्या घरातली फरशी

वाचकहो, घरातील कुणी वयस्कर माणूस पडले की आम्ही डॉक्टर काही ठरावीक प्रश्न विचारतो. कुठे पडलात? चक्कर आली होती का? डोके आपटले का? काही क्षण शुद्ध हरपली होती का? गेली तीस वर्षे मी हे प्रश्न विचारत आले आहे. त्यांच्या शेवटी आणखी एक प्रश्न मी जोडत असे, ‘घरची फरशी कशी आहे?’ उत्तर ऐकून सल्लाही देत असे, ‘गुळगुळीत असेल तर काहीतरी करून घ्या.’ हे ‘काहीतरी’ म्हणजे नेमके काय, ते कोण करून देतो, त्याला किती पैसे पडतात आणि घर आपले नसेल तर ते पैसे कुणी भरायचे, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो करण्याची वेळ माझ्याच घरी आली.

पुण्यातील आमची जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करावी लागली. चाळीस वर्षांपूर्वीचे ते घर होते. फरशी मोझॅकची, वापराने किंचित खरखरीत झालेली, पावलांना पाठ असलेली. माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे माई म्हणतो, लग्नानंतर काही वर्षांनी त्या घरात आल्या आणि वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी तेथून बाहेर पडल्या. नवी इमारत उभी राहीपर्यंत बिल्डरकडून मिळणाऱ्या भाड्यात आम्ही कोथरूडमध्येच दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. घर हवेशीर होते, लिफ्ट होती, आणि फरशी होती आरशासारखी चकचकीत, मलई रंगाची. पाहताक्षणी मी म्हणाले, ‘किती स्वच्छ वाटते!’ डॉक्टर म्हणून माझ्या डोळ्यांना जे दिसायला हवे होते, ते मला दिसले नाही.

मे महिन्यात आम्ही राहायला गेलो आणि जुलैमध्ये, पावसाच्या एका पहाटे, बाथरूमकडे जाताना पॅसेजमध्ये माई घसरल्या. सुदैवाने खुब्याचे हाड वाचले. उजव्या मनगटाचे मात्र मोडले आणि सहा आठवडे प्लॅस्टर आले. ज्यांना स्वतःच्या हाताने जेवता येत नाही, वेणी घालता येत नाही, देवासमोर निरांजन लावता येत नाही, अशा माणसाचे सहा आठवडे किती लांब असतात, हे तुमच्यापैकी अनेकांना मी सांगायला नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, अनवधानाने होणाऱ्या दुखापतींमुळे जगभरात जे मृत्यू होतात, त्यांत पडणे हे दुसऱ्या क्रमांकाचे कारण आहे, आणि अशा जीवघेण्या पडण्यांचे प्रमाण साठीपुढील लोकांत सर्वाधिक आहे. ही माहिती मी व्याख्यानांतून सांगत आले होते. त्या सकाळी ती माझ्या पॅसेजमध्ये बसून कण्हत होती.

सगळा दोष फरशीवर टाकून मोकळे होणे सोपे होते. पण पडण्याला क्वचितच एकच कारण असते. दुसऱ्या दिवशी मी माईंचा रक्तदाब आधी त्या आडव्या असताना आणि मग उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजला. वरचा आकडा १३८ वरून ११२ वर आला. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर त्याकडे लक्ष द्यावेच लागते. चौकशी केल्यावर आणखी एक गोष्ट कळली. रक्तदाबासाठीची, लघवी जास्त होण्याची जी गोळी त्या सकाळी घेत असत, ती घर बदलण्याच्या गडबडीत रात्रीच्या डबीत गेली होती. त्यामुळे त्या रात्रीतून तीनदा उठत होत्या. जुन्या घरात बाथरूम पलंगापासून चार पावलांवर होते. इथे अंधारा पॅसेज पार करावा लागे. त्यांच्या फिजिशियनशी बोलून गोळी पुन्हा सकाळी आणली, पॅसेजमध्ये रात्रभर जळणारा छोटा दिवा लावला. तुम्हीही घरच्या वृद्धांच्या गोळ्यांची वेळ एकदा तपासून पाहा; मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका किंवा हलवू नका.

एवढे झाल्यावर फरशी उरली. इथे मी पहिली चूक केली. बाजारातून तीन सुंदर गालिचे आणले आणि पलंगाजवळ, पॅसेजमध्ये व बाथरूमच्या दाराशी पसरले. चार दिवसांत त्यांच्या कडा वळल्या आणि एका संध्याकाळी माईंचा अंगठा त्यात अडकला. माझे यजमान शेजारीच होते म्हणून त्या सावरल्या. वाचकहो, सुटा गालिचा, सतरंजी, दुमडलेले पायपुसणे हे चकचकीत फरशीवरचा उपाय नव्हे. ती घसरण्याच्या जोडीला ठेचकाळण्याची सोय आहे. तिन्ही गालिचे मी त्याच रात्री गुंडाळून माळ्यावर टाकले.

मग आम्ही नीट चौकशी सुरू केली. भिंतीपासून भिंतीपर्यंतचे लोकरी किंवा नायलॉनचे कार्पेट आधीच बाद केले. माईंना दम्याचा त्रास आहे. पुण्याच्या पावसाळ्यात अशा कार्पेटमध्ये ओल धरते, धूळ आणि धुळीतील सूक्ष्म किडे बसतात, आणि वृद्धांच्या खोलीत कधी पाणी, कधी औषध, कधी लघवी सांडणारच, हे मान्य करायला हवे. जे धुता-पुसता येत नाही, ते तिथे नको. जुन्या फरशीवरच नवी खरखरीत टाइल बसवण्याचा पर्याय टिकाऊ होता. पण त्याने जमिनीची पातळी वाढते, दारे खालून तासावी लागतात आणि खोलीच्या तोंडाशी नवा उंबरा तयार होतो. भाड्याच्या घरात ते शक्यही नव्हते. उरले व्हिनाईल, म्हणजे ज्याला आपल्याकडे दुकानदारही सरसकट ‘कार्पेट’च म्हणतात, ते रोलमध्ये येणारे, पुसता येणारे, पृष्ठभाग किंचित खरबरीत असलेले आवरण.

माईंची खोली, पॅसेज आणि स्वयंपाकघराच्या ओट्यापुढची जागा मिळून २४० चौरस फूट भरत होती. तीन ठिकाणांहून भाव मागवले. हा अनुभव मी थोडा सविस्तर सांगते, कारण औषधांच्या किमती विचारताना आपण जितके सावध असतो, तितके इथे नसतो.

पहिला गृहस्थ म्हणाला, ‘बासष्ट रुपये फूट, सगळं धरून.’ म्हणजे १४,८८० रुपये. ‘सगळं’ म्हणजे काय, ते लिहून द्यायला मात्र तो तयार नव्हता. बिल नाही, आणि पूर्ण रक्कम आधी हवी. त्याला मी नम्रपणे नकार दिला.

दुसऱ्याने अठ्ठेचाळीस रुपये सांगितले. ऐकताच यजमानांचा चेहरा उजळला. ११,५२० रुपयांत काम होत होते. आम्ही म्हणालो, कागदावर मांडा. मग कागद बोलू लागला. रोलची रुंदी ठरलेली असते, आपल्या खोलीची नसते. त्यामुळे वाया जाणारा माल धरून २९० फुटांचे पैसे, म्हणजे १३,९२०. लावण्याची मजुरी फुटाला बारा रुपये, म्हणजे २,८८०. दारांच्या तोंडाशी बसवायच्या धातूच्या पट्ट्या ९०० रुपये. टेम्पो ६००. बेरीज झाली १८,३०० रुपये, आणि कपाटे-पलंग हलवण्याचे काम ‘तुम्ही बघा’.

तिसऱ्याने भाव सांगितला पंचाहत्तर. सर्वांत महाग वाटला. पण त्याने फोनवर भाव दिला नाही. स्वतः येऊन टेपने मोजमाप घेतले, दारांखालची फट पाहिली, फरशी कुठे दबली आहे का ते चप्पल काढून चालून पाहिले. वाया जाणारा माल, गम, पट्ट्या, वाहतूक, सामान हलवणे आणि कर, असे सर्व धरून १८,००० रुपये त्याने लेटरहेडवर लिहून दिले. स्वस्त भाव प्रत्यक्षात महाग निघाला, तो असा. तुम्ही भाव मागाल तेव्हा फुटाचा दर विचारू नका. काम पूर्ण झाल्यावर खिशातून एकूण किती जाणार, ते विचारा आणि तिघांकडूनही तेच मोजमाप, तीच जाडी, तीच यादी लिहून घ्या. तरच तुलना होते.

नमुना निवडतानाही माझे डॉक्टरकीचे थोडे ज्ञान उपयोगी पडले. कारागिराने गडद तपकिरी, लाकडी पट्ट्यांची नक्षी असलेला तुकडा आधी दाखवला. दिसायला देखणा होता. पण उतारवयात नजर मंदावते, मोतीबिंदू असतो. पट्ट्यापट्ट्यांची नक्षी पायरीसारखी भासते. माझ्या एका रुग्णाला स्मृतिभ्रंश आहे. दारापुढचे काळे पायपुसणे त्यांना खड्डा वाटत असे आणि ते ओलांडण्यासाठी ते उडी मारू पाहत. म्हणून आम्ही एकरंगी, चमक नसलेला, मध्यम छटेचा तुकडा घेतला. भिंतीहून वेगळा दिसेल इतका गडद आणि खड्डा वाटणार नाही इतका फिका.

आता प्रश्न घरमालकांचा होता. ते बँकेतून निवृत्त झालेले, नाशिकला राहणारे सद्गृहस्थ. फोनवर ते पहिल्यांदा ‘नाही’ म्हणाले. ‘डॉक्टर, फरशी चांगली आहे. गम लावलात आणि डाग पडले तर?’ मला राग आला, हे कबूल करते. पण रात्री विचार केला, तेव्हा त्यांचे म्हणणे रास्त वाटले. फरशी खरोखरच चांगली होती. त्यांच्या आयुष्यभराच्या कमाईची होती. गरज आमची होती.

गम न लावता फक्त कडांना टेप लावावी, असा तोडगा मी सुचवला. कारागिरानेच तो खोडून काढला. ‘मॅडम, पूर्ण गम नसेल तर उन्हाळ्यात फुगे येतील, आणि फुगा आला की आजी त्यावर अडखळतील.’ मग त्यानेच सुटणाऱ्या गमाची माहिती दिली. दाराआड एक वीतभर तुकडा चिकटवला, आठ दिवसांनी तो उपटला, खालची फरशी कोमट पाण्याने व साबणाने पुसली. पुसण्याआधीचे आणि नंतरचे छायाचित्र मी घरमालकांना पाठवले. त्यांचा फोन त्याच संध्याकाळी आला. ‘ठीक आहे. पण जे ठरेल ते लिहून ठेवू या.’

मलाही तेच हवे होते. आमचा करार ११ महिन्यांचा होता. ११ महिन्यांनी घर सोडावे लागले, तर हा सगळा खर्च वाया जाणार होता. म्हणून आधी घरात किती काळ राहता येईल ते पक्के केले आणि २४ महिन्यांचा नवा करार नोंदवून घेतला. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा असा १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याचा दंडक आहे. तोंडी आश्वासनावर भाड्याच्या घरात पैसे घालू नयेत. सोबतच्या पत्रात इतकेच लिहिले: कोणत्या खोल्यांत काय बसवणार, कोणता गम वापरणार, आजची फरशी कशी आहे याची छायाचित्रे, घर सोडताना आवरण कोण काढणार आणि अनामत रकमेतून त्यापोटी काही कापले जाणार की नाही.

आणि पैसे कुणी भरायचे? यावर मी घरमालकांशी बोलताना एक साधे सूत्र मांडले. जे घराबरोबर राहील ते घराचे. जे आमच्या गरजेपुरते आहे ते आमचे. व्हिनाईल आमच्या माईंसाठी होते, ते आम्ही भरणार. बाथरूममधली गुळगुळीत टाइल बदलून खरखरीत बसवली आणि भिंतीत स्टीलचे दांडे पक्के केले, तर त्याचा उपयोग पुढच्या प्रत्येक भाडेकरूला, आणि कधीकाळी त्यांना स्वतःलाही होईल. क्षणभर फोनवर शांतता होती. मग ते म्हणाले, ‘काका, काका म्हणता आणि बरोबर कोंडीत पकडता, डॉक्टर.’ बाथरूमचा खर्च त्यांनी दोन महिन्यांच्या भाड्यातून वळता करायला लेखी संमती दिली. दांड्यांबाबत एक सूचना करते. रबरी कपने भिंतीला चिकटणारे दांडे घेऊ नका. भार पडताच ते सुटतात. स्क्रूने भिंतीत बसवलेलेच हवेत.

सगळे जुळले, असे मला वाटले. पण ज्यांच्यासाठी हे चालले होते, त्यांना आम्ही विचारलेच नव्हते.

माईंनी आकडा ऐकला आणि त्यांनी जेवणाचे ताट बाजूला सारले. ‘अठरा हजार? परक्याच्या घरात? अगं, मी तोवर असेन की नाही! आपल्या घरात जाऊ तेव्हा घाल हवी ती फरशी.’ मी हिशेब मांडला, खुब्याच्या शस्त्रक्रियेचे सांगितले, डॉक्टरी आवाज लावला. त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. रात्री त्यांच्या मनगटाखाली उशी सरकवताना त्या हळूच म्हणाल्या, ‘इथे काही बसवलं की वाटतं, आता इथेच राहायचं.’

वाचकहो, त्या एका वाक्याने मला जे समजले, ते तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये समजायला हवे होते. माईंनी तीन खोकी अजून उघडली नव्हती. भिंतीवर एकही फोटो लावला नव्हता. त्या या घरात राहत नव्हत्या. प्रतीक्षालयात बसल्या होत्या. प्रतीक्षालयात कुणी कार्पेट घालत नाही. पण त्या प्रतीक्षालयातच त्या पडल्या होत्या. वय ब्याऐंशी असताना दोन वर्षे हा आयुष्याचा लहान तुकडा नसतो.

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन त्यांच्याजवळ बसले. वादासाठी नव्हे, हिशेबासाठी. त्या एके काळी घराचा जमाखर्च पै-पैने लिहीत असत. अठरा हजार भागिले चोवीस महिने, म्हणजे महिन्याला साडेसातशे, दिवसाला पंचवीस रुपये. माईंनी डाव्या हाताच्या बोटांवर पुन्हा मोजले. ‘म्हणजे अर्धा लिटर दुधाचेही नाहीत,’ त्या म्हणाल्या. थोडा वेळ गेला. मग म्हणाल्या, ‘शेवटचा हप्ता मी देईन. माझ्या पेन्शनमधून. आणि काम मी बघेन.’

हप्ते आम्ही असे ठरवले होते: काम ठरताना ५,४००, माल घरी आल्यावर तो नमुन्याशी ताडून पाहून ९,०००, आणि उरलेले ३,६०० काम झाल्यावर आठ दिवसांनी. शेवटची रक्कम हातात राखून ठेवणे हा अविश्वास नव्हे. आठ दिवस चालल्याशिवाय फरशी कशी झाली, ते कळत नाही. गमाच्या वासाने दम्याचा त्रास होऊ नये म्हणून माईंना तीन दिवस नणंदेकडे ठेवले आणि खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. तुमच्या घरी दम्याचे किंवा फुप्फुसाच्या आजाराचे कुणी असेल, तर एवढी काळजी घ्याच.

आठव्या दिवशी कारागीर पैसे घ्यायला आला. मी सगळे पाहिले होते. कडा, सांधे, कोपरे पाहून झाले होते आणि माझ्या मते काम उत्तम होते. माई काठी घेऊन उठल्या. चप्पल बाजूला काढली आणि अनवाणी, अगदी सावकाश, पलंगापासून बाथरूमपर्यंत चालत गेल्या. परत येताना पॅसेजच्या तोंडाशी थांबल्या. तळपाय पुढे-मागे सरकवला.

‘बाळा, इकडे ये. इथे लागतंय.’

कारागिराने वाकून बोट फिरवले. धातूच्या पट्टीचे एक टोक केसभर वर राहिले होते. मी त्यावरून आठ दिवस चालत होते; पण चपला घालून.

‘होऊन जाईल, आजी,’ तो म्हणाला.

‘होऊ दे. मग पैसे.’

अर्ध्या तासात पट्टी बसली. माई पुन्हा चालल्या, पुन्हा थांबल्या, मान हलवली आणि प्लॅस्टरमधून नुकत्याच सुटलेल्या, अजून अशक्त असलेल्या उजव्या हाताने त्यांनी पाकिटातून नोटा मोजून दिल्या. पावतीही मागून घेतली.

वाचकहो, तुमच्या घरी वयस्कर माणूस असेल आणि घर भाड्याचे असेल, तर ‘आपलं थोडंच आहे’ म्हणून फरशीचा प्रश्न पुढे ढकलू नका. भाव लिहून घ्या, घरमालकांची अडचण समजून घ्या, जे ठरेल ते कागदावर आणा. आणि हे सगळे करण्याआधी, जो त्या फरशीवर चालणार आहे त्याला विचारा. काम तपासण्याचा मानही त्यालाच द्या. त्याच्या तळपायांना जे कळते, ते आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

गेल्या आठवड्यात मी दवाखान्यातून घरी आले, तेव्हा माईंच्या पलंगाशेजारी एक खोके उघडे पडले होते. सासऱ्यांचा फोटो त्यांनी बाहेर काढून ठेवला होता. मला पाहून म्हणाल्या, ‘खिळा ठोकायचा तर त्या नाशिकच्या काकांना विचारावं लागेल का गं?’

मी म्हणाले, ‘विचारू या. लिहूनच घेऊ या.’